आकडीचा अंदाज रक्तचाचणीतून?

मुलांना तापात येणाऱ्या आकडीचा धोका रक्तचाचणीतून आधीच ओळखता येतो, असे सांगणारा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. लोहाची कमतरता आणि ही आकडी यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, हे खरे. पण सहा महिने ते पाच वर्षे या वयातील २ ते ५ टक्के मुलांनाच अशी आकडी येते. लोह कमी असलेली मुले त्याहून कितीतरी जास्त आहेत आणि त्यांतील बहुतेकांना ती कधीच येत नाही.

शिवाय रक्त घेतले जाते ते बहुधा तापातच. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तापात वाढते, त्यामुळे कमतरता झाकली जाते. संसर्गात वाढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रमाण तर खुद्द आकडीच्या ताणानेही बदलते. मग अहवालात ठळक छापलेला आकडा पाहून आईवडिलांनी काय समजायचे? अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, साध्या (सर्वांगाला येणाऱ्या, पंधरा मिनिटांच्या आत थांबणाऱ्या आणि चोवीस तासांत पुन्हा न येणाऱ्या) आकडीनंतर केवळ कारण शोधण्यासाठी सरसकट रक्तचाचण्या करू नयेत. रक्तक्षयाची शंका असल्यास तपासणी जरूर करावी, पण ती रक्तक्षयासाठी.

पहिली आकडी दीड वर्षाच्या आत आली का, आईवडिलांना किंवा भावंडांना लहानपणी ती आली होती का, या प्रश्नांतून पुढचा अंदाज अधिक बांधता येतो. आणि आकडी आलीच तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीने रुग्णालय गाठावे. एवढ्या ओळींना लेखात जागा मिळायला हवी होती.

– एक वाचक