मृग लागण्यापूर्वी: वाचनालयाच्या जुन्या दप्तरासाठी आवाहन

सर्व सभासद, ग्रामस्थ आणि मे महिन्यात गावी आलेल्या मुंबईकर मंडळींना सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, बांधून घेतलेली जुनी मासिके आणि काही घराण्यांनी विश्वासाने सोपवलेल्या लाकडी व कातडी वस्तू आहेत. गेल्या पावसाळ्यात तेथे आमच्या हातून एक चूक झाली. एका घरातून आलेली कागदांची पेटी आम्ही तपासली नाही, वेगळी ठेवली नाही, आली तशी कपाटात ठेवून दिली. दिवाळीत कपाट उघडले तेव्हा फळीवर पिठासारखा भुसा सांडलेला होता आणि शेजारच्या दोन पोथ्यांना आरपार भोके पडली होती. पेटीतून आलेल्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी चार महिन्यांत हे काम केले. ती अक्षरे आता परत येणार नाहीत, आणि याची जबाबदारी कार्यकारी मंडळ स्वतःकडे घेत आहे. यंदा म्हणूनच आम्ही नुकसान होण्याआधी आपल्याकडे आलो आहोत.

कोकणातला पावसाळा कागदाला मानवत नाही. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरू लागते, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती कित्येक आठवडे ऐंशीच्या खाली उतरत नाही. कसरीला अशीच दमट, काळोखी जागा लागते. जुन्या हातकागदाला शाई फुटू नये म्हणून खळ देत असत आणि बांधणीतही खळच वापरत. कसर येते ती या खळीसाठी, आणि खळ खरवडताना वरची अक्षरेही घेऊन जाते. वाळवी मात्र जमिनीतून आणि भिंतीतून मातीच्या नळ्या करत येते, त्यामुळे भिंतीला चिकटून उभे असलेले लाकडी कपाट तिला सर्वांत सोयीचे ठरते. छपराखाली पाखरांची घरटी राहिली तर तेथली पिसे खाणारे किडे पुढे लोकर आणि कातड्याकडे वळतात. एवढ्या वाटा असताना केवळ औषध मारून भागत नाही.

आपल्या वाडवडिलांना हे चांगले ठाऊक होते. पोथी दोन फळ्यांमध्ये दाबून, सुती बासनात घट्ट बांधून ठेवायची, बासनात वेखंडाचे तुकडे घालायचे आणि दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी ती बाहेर काढायची, ही पद्धत घरोघरी होती. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला राख, अशी विनवणी पोथीच्या तोंडी घालणारा श्लोक लेखक पोथीच्या शेवटी लिहीत असत. चुकलेल्या अक्षरांवर हरताळ हे पिवळे खनिज फासत, त्यातूनच आपल्या भाषेतला वाक्प्रचार आला. काही ठिकाणी किडीपासून रक्षण व्हावे म्हणून सबंध कागदालाही हरताळ देत. हरताळात सोमल म्हणजे आर्सेनिक हे विष असते, म्हणून अशा पिवळ्या पानांना हातमोजे आणि मुखपट्टीशिवाय कोणीही हात लावू नये. या सगळ्या रीतींपैकी घट्ट बासन आणि वर्षातून एकदा तरी होणारी उघडझाप या दोन आमच्या मते सर्वांत मोलाच्या आहेत. कागद कडक उन्हात घालणे मात्र आता थांबवले पाहिजे, कारण उन्हाने कागद ठिसूळ होतो आणि रंग उडतात. सावलीतला वारा पुरतो.

अनेकजण आपुलकीने डांबरगोळ्या आणून देतात. त्यांचा हेतू आम्ही जाणतो, तरीही यापुढे त्या आणू नयेत अशी विनंती आहे. त्यांची वाफ खोलीत काम करणाऱ्यांच्या आरोग्याला घातक असते, आणि फटी असलेल्या कपाटात तिने अंडी व अळ्या मरतील याची खात्री नसते. मोठ्या संग्रहालयांतही विषारी वायूची धुरी देणे मागे पडत चालले आहे: मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला मारक ठरल्याने मॉन्ट्रियल करारान्वये त्याचा सर्वसाधारण वापर बंद झाला, आणि इथिलीन ऑक्साइड कर्करोगाला कारण ठरते.

त्याऐवजी आम्हांला थंडीचा उपाय करायचा आहे. कीड लागलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करायचा, उणे २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवायचा, आणि बाहेर काढल्यावर किमान एक दिवस पिशवी उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरते आणि कागद कोरडा राहतो. रंगवलेली लाकडी वस्तू किंवा काचेवरची छायाचित्रे मात्र यात घालायची नाहीत. यासाठी एक डीप फ्रीझर हवा आहे. मासळी किंवा आइसक्रीमच्या व्यवसायातला वापरलेला चालेल, पण तो उणे २० पर्यंत गेला पाहिजे. घरच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा पुरत नाही.

बासनांसाठी मांजरपाट हवा आहे. तो दोनदा गरम पाण्यात धुऊन, खळ पूर्ण काढून द्यावा, कारण खळीचे कापड म्हणजे कसरीला आमंत्रणच. भिंतीपासून अर्धा फूट दूर उभी करता येतील अशी लोखंडी मांडणी, दोन आर्द्रतामापक आणि कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवायचे चिकट सापळे घ्यायचे आहेत. सापळ्यांनी कीड संपत नाही, पण कोणती कीड कोठून येते हे त्यांवरून वेळीच समजते. रोख देणगीची पावती मिळेल आणि ती रक्कम याच कामावर खर्च होईल.

पैशांहून अधिक गरज माणसांची आहे. दर पंधरवड्याला दोन तास देऊन सापळे तपासणारे, नोंदवहीत किड्यांची संख्या लिहिणारे, मऊ कुंच्याने पाने झाडणारे दहाजण मिळाले तर हे काम वर्षभर चालेल. मोडी वाचता येणे आवश्यक नाही.

मुंबईकर मंडळींना आणखी एक विनंती. परतण्यापूर्वी आपापल्या घराचा माळा एकदा पाहावा. जुने कागद सापडले तर ते जाळू नयेत, नदीत सोडू नयेत आणि स्वतः चिकटपट्टीही लावू नये. वाचनालयात निरोप दिल्यास आम्ही घरी येऊन पाहू. कागद आपल्याच घरी ठेवायचे असतील तर बासन बांधून देऊ, आणि वाचनालयाला द्यायचे असतील तर ते आधी वेगळ्या खोलीत राहतील, फ्रीझर आल्यावर त्यातून जातील आणि मगच कपाटात येतील.

साहित्य आणि देणग्या रोज सायंकाळी वाचनालयाच्या कार्यालयात स्वीकारल्या जातील. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठ वाजता कपाटे रिकामी करायला सुरुवात होईल. येताना कृपया स्वच्छ सुती पंचा आणावा आणि हातांना तेल लावू नये.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ