मशीनमध्ये गोळ्या भरतो कोण?

संपादक महोदय,

माझी थोरली बहीण दोन वर्षांपासून पश्चिम उपनगरातल्या एका वृद्ध शुश्रूषा केंद्रात आहे. तिला पार्किन्सन्स आहे. मागच्या पावसाळ्यात तिथे गोळ्या देणारं मशीन बसवलं. आठवड्याच्या गोळ्या सोमवारी भरून ठेवायच्या. मग वेळ झाली की घंटी वाजते आणि रुग्णाचं नाव, तारीख, वेळ छापलेली प्लास्टिकची पुडी बाहेर येते. मला ते बघून बरंच वाटलं. माझी सगळी नोकरी महापालिकेच्या दवाखान्यात औषधनिर्माता म्हणून झाली. वाचता न येणाऱ्यांना आम्ही कागदी पाकिटावर सूर्य नि चंद्र काढून द्यायचो. हाताने वाटप करताना एका खाटेची वाटी शेजारच्या खाटेला जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मशीनशी माझं भांडण नाही.

ताईचे हातपाय आपोआप वळवळायला लागले म्हणून डॉक्टरांनी एका गुरुवारी लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या औषधाची, दुपारची गोळी अर्धी केली. शनिवारी मी गेलो तर जेवताना तिच्या वाटीतली आमटी निम्मी गाउनवर. पुडी मागून घेतली, आत अख्खी गोळी. केसपेपरवर ठळक अक्षरात अर्धी. मशीन भरलं होतं सोमवारी. गुरुवारचा बदल त्याला कळवायचं काम कुणाचं, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, “काका, मशीन देतं तेच आम्ही देतो.” त्यांचं काय चुकलं? आणखी चौकशी केल्यावर कळलं की मशीन अर्धी गोळी देऊच शकत नाही. अर्ध्या गोळ्या स्टीलच्या एका डबीत होत्या, तळाशी भुगा. कुठल्या स्ट्रिपच्या, मुदत कधीपर्यंतची, काही पत्ता नाही.

मशीन भरतो कोण? तर वॉर्डबॉय. चांगला, कामसू मुलगा आहे. पण फार्मसी अधिनियम, 1948 च्या कलम 42 नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध तयार करणं आणि देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे. केमिस्टच्या दुकानात फार्मासिस्ट हजर नसेल तर अन्न व औषध प्रशासन कारवाई करतं. मग तीसचाळीस वृद्धांच्या आठवडाभराच्या गोळ्या स्ट्रिपमधून फोडून डब्यांत ओतल्या जातात, तिथे त्याची गरज नाही का? आपल्याकडे बॅच क्रमांक आणि मुदत स्ट्रिपवर छापलेली असते. गोळी फोडली की दोन्ही कचऱ्याच्या टोपलीत. फिट्सवरची सोडियम व्हॅल्प्रोएटसारखी गोळी तर हवेतला दमटपणा शोषून घेते, आणि मुंबईचा जुलै कसा असतो ते वाचकांना सांगायला नको.

अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका रुग्णालयात डिसेंबर 2017 मध्ये जे घडलं ते इथे सांगण्याजोगं आहे. 75 वर्षांच्या बाईंना तपासणीआधी भीती कमी करणारं ‘व्हर्सेड’ द्यायचं होतं. औषधांच्या स्वयंचलित कपाटात नोंद होती मिडाझोलाम या मूळ नावाने. परिचारिकेने ब्रँडची पहिली दोन अक्षरं टाइप केली, औषध दिसेना, म्हणून तिने मशीनची अडवणूक बाजूला सारणारं बटण वापरलं आणि हाती आलं व्हेक्युरोनियम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारं औषध. बाई दगावल्या. मार्च 2022 मध्ये न्यायालयाने परिचारिकेला दोषी ठरवलं. आपल्याकडे तर बहुतेक चिठ्ठ्या ब्रँडच्या नावानेच लिहिल्या जातात, आणि एकसारख्या नावांचे ब्रँड किती, ते कुठल्याही केमिस्टला विचारा.

नियम करायचा म्हटलं की आपल्याकडे समिती नेमतात, आणि मग समितीच्या अहवालाची वाट बघायची. इथे तेवढंही नको. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या 1949 च्या कायद्यातल्या व्याख्येत आजारी आणि जखमी यांच्या जोडीला दुर्बल, अपंग माणसांना ठेवून उपचार-शुश्रूषा करणारी जागाही बसते. तरी ताईच्या केंद्रासारख्या, तीन फ्लॅट एकत्र करून चालवलेल्या जागा स्वतःला ‘वृद्धाश्रम’ म्हणवून सहज निसटतात. महापालिकेच्या विभाग कार्यालयातल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आधी यांची नोंदणी करून घ्यावी, आणि नोंदणी देताना मशीन भरणाऱ्या फार्मासिस्टचं नाव, नोंदणी क्रमांक आणि भरल्या दिवशीची सही मागावी. डॉक्टरांनी डोस बदलला की उरलेल्या पुड्या त्याच दिवशी काढून घ्याव्यात. अडवणूक डावलून औषध काढलं तर कारण आणि दुसऱ्या माणसाची सही हवी. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या औषध नियमांतल्या अनुसूची एच-1 या यादीत आहेत; दुकानदाराला त्यांची वेगळी वही तीन वर्षं जपावी लागते, मग रात्री आजीआजोबांना झोपवणाऱ्या मशीनला सूट कशाला? वीज गेली तर काय करायचं, ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेलं असावं.

नातेवाइकांसाठी आणखी एक. रुग्णाची कागदपत्रं मागितल्यापासून 72 तासांत द्यावीत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम आहे. मशीनमधली नोंदही त्या कागदपत्रांतलीच धरावी. मी मागितली तेव्हा “ती कंपनीकडे असते” असं उत्तर मिळालं.

केंद्राच्या चालकांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली, ताईचा हातही आता बराच स्थिर आहे. तरी दर सोमवारी दहाच्या सुमारास मी चष्मा आणि केसपेपर घेऊन तिथे जातो आणि तो मुलगा मशीन भरत असताना बाजूला उभा राहतो. चालकांना ते आवडत नाही. मुलगा मात्र हल्ली मला खुर्ची देतो.

एक सेवानिवृत्त औषधनिर्माता,
गोरेगाव (पूर्व), मुंबई