लाल जॅकेटवाली आणि आमचा वॉर्ड

पूर्व लंडन,
रविवार, ५ ऑगस्ट २०१२

प्रिय सुलू,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू "कशी आहेस" म्हणायच्या आधीच विचारलंस, "अगं, ती लाल जॅकेटवाली कोण?" मला हसूच आवरेना. रात्री दीडला गजर लावून उठलात, भाऊजींना चहा करून दिलास, श्रावणातला पाऊस आणि केबलवाला दोघांची मर्जी सांभाळत पहाटेपर्यंत बसलात, आणि ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या एवढ्या सोहळ्यातून तुझ्या लक्षात काय राहिलं, तर ती मुलगी! थोडं बोलणं होतंय तोच फोन कट झाला. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तिचंच सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. कुस्तीगीर सुशीलकुमार तिरंगा घेऊन पुढे, मागे पिवळे फेटे आणि पिवळ्या साड्या, आणि त्याच्या बरोबरीनं लाल जॅकेट, निळी पँट घालून ऐटीत चालणारी ती. खेळाडू नाही, अधिकारी नाही. आपल्या पथकाच्या अधिकाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा आयोजकांचे प्रमुख सेबॅस्टियन को यांनी सांगितलं की ती सोहळ्यातच काम करणारी होती, जरा जास्तच उत्साहात आली. म्हणजे तू समजतेस तशी बाहेरून घुसलेली नव्हती. चूक केलीच तिनं, त्यात वाद नाही. ज्यांनी चार चार वर्षं घाम गाळला त्यांच्या फोटोत ही कशाला? पण मला तिचा तुझ्याएवढा राग आला नाही. का, ते पुढे सांगते.

त्या रात्री माझी नाईट होती. आमचा वॉर्ड म्हाताऱ्या माणसांचा. साडेसातला हँडओव्हर घेतला आणि औषधांची फेरी उरकायच्या मागे लागले, कारण नऊच्या आत सगळ्यांना टीव्हीसमोर बसायचं होतं. दिवसखोलीत एकच टीव्ही. ज्यांना उठता येत होतं ते खुर्च्यांवर, दोघांना चाकाच्या खुर्चीतून आणलं, एका आजींचा तर अख्खा पलंगच ढकलत दाराशी नेला. स्टेडियम आमच्यापासून इतकं जवळ, की शेवटचे फटाके आधी खिडकीतून ऐकू यायचे आणि मग टीव्हीवर दिसायचे.

सुरुवातीला सगळे कुरकुरत होते. हिरवळ, मेंढ्या, बदकं, क्रिकेट खेळणारी मंडळी बघून चार नंबरचे आजोबा म्हणाले, "एवढे पैसे घालवून शेत दाखवतायत?" हे आजोबा जन्मभर गोदीत हमाली केलेले. मग ती हिरवळ माणसांनी गुंडाळून नेली आणि तिच्या जागी जमिनीतून गिरण्यांची धुराडी वर येऊ लागली. ढोलांचा तो दणका तुम्हीही ऐकला असेल. त्यात पुढे होती ती एव्हलिन ग्लेनी, जिला जवळजवळ ऐकूच येत नाही. आजोबा गप्प झाले. बीपी बघायला मी हात धरला, तर म्हणाले, "थांब जरा, हे आमचं आहे."

थोड्या वेळानं 'विंडरश' जहाजाची प्रतिकृती आली. १९४८ साली वेस्ट इंडीजमधून माणसं घेऊन इथं आलेलं हे जहाज. पलंगावरच्या आजी जमैकाच्या. तीस वर्षं इस्पितळांच्या फरशा पुसल्या त्यांनी. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त डोक्यावरचा रुमाल सारखा केला, कुणी ओळखीचं दारात आल्यावर करतो ना, तसा.

राणीचं तुला आवडलं, ते इथंही सगळ्यांना आवडलं. ८६ वर्षांची बाई, जेम्स बाँडबरोबर चालते आणि हेलिकॉप्टरमधून उडी मारते (मारणारा अर्थातच दुसरा). पण नंतर ब्रिटिश पथक आलं तेव्हा कॅमेऱ्यानं तिला बरोबर नखं न्याहाळताना पकडलं, आणि आमच्याकडे त्यावरच जास्त हशा पिकला. मिस्टर बीनलाही. स्वतःची टिंगल जगासमोर करायला या लोकांना काहीच कसं वाटत नाही, असं तू म्हणालीस. चार वर्षांपूर्वी बीजिंगला २००८ ढोलकरी एका ठेक्यात वाजवत होते, बघून छाती दडपली होती. इथल्या सोहळ्याचा दिग्दर्शक डॅनी बॉयल, त्यानं त्या वाटेलाच जायचं टाळलं, ते मला फार शहाणपणाचं वाटलं.

आणि मग नर्सेस आल्या. सुलू, तुला कदाचित कळलंच नसेल हे काय चाललंय. जुन्या पद्धतीच्या पोशाखातल्या शेकडो नर्सेस, ३०० च्या वर पलंग, त्यावर उड्या मारणारी पोरं. नाचणाऱ्यांत कितीतरी जण खरोखरच इस्पितळांत काम करणारे होते. डॅगनमला मोकळ्या मैदानात पावसात तालमी केल्या त्यांनी, फुकट. आणि बाहेर काही बोलायचं नाही अशी विनंती, ती हजारोंनी पाळली. आमच्या वॉर्डातली एक फिलिपिनो सिस्टर महिनोन्महिने "नाच शिकायला जाते" म्हणून ड्यूट्या बदलून घ्यायची, तेव्हा आम्ही तिला किती चिडवलं! त्या रात्री सगळा वॉर्ड तिलाच शोधत होता. "ती बघ, डावीकडची!" "छे, ही उंच आहे." कुणालाच सापडली नाही. पलंगांच्या दिव्यांनी एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) ही अक्षरं उमटली, तेव्हा मी औषधाची ट्रॉली धरून उभी होते, आणि मला रडू आलं. आठ वर्षं इथं बेडपॅन उचलते आहे मी, घरी पत्रात हे कधी लिहिलं नाही.

एनएचएस १९४८ चीच, विंडरशच्याच वर्षातली. आजारी पडलं तर बिलाची भीती नाही, ही इथल्या माणसाची सगळ्यात मोठी मिजास. सरकारनं याच वर्षी त्या व्यवस्थेत मोठे फेरफार करणारा कायदा केला, त्यामुळे निम्म्या लोकांनी हा नाच म्हणजे सरकारला मारलेला टोला मानला. सरकारी पक्षाचा एक खासदार, एडन बर्ली, ट्विटरवर म्हणाला की इतका डावा सोहळा त्यानं पाहिला नाही, साम्यवादी बीजिंगहूनही डावा. त्याच्याच पक्षातल्या मोठ्यांनी त्याला झटकून टाकलं. अमेरिकेत म्हणे पुष्कळांना पलंग आणि नर्सेस कशासाठी तेच कळेना.

अमेरिकेवरून आठवलं. तिथल्या एनबीसी वाहिनीनं सोहळा थेट दाखवलाच नाही, रात्रीच्या सोयीच्या वेळेला दाखवला, आणि त्यातून अक्रम खानचा नाच कापून पोहणाऱ्या फेल्प्सची मुलाखत घातली! अक्रम खान बांगलादेशी आईबापांचा, कथक शिकलेला. पाठीमागे जे गात होते ते 'अबाइड विथ मी', आपल्याकडे २९ जानेवारीला विजय चौकात बँड वाजवायचा तेच, गांधीजींचं आवडतं. २००५ च्या ६ जुलैला लंडनला ऑलिंपिक मिळालं आणि ७ जुलैला गाड्यांत स्फोट झाले, ५२ माणसं गेली. त्या दिवशी मी ड्यूटी संपवून दोन तास चालत घरी आले होते, सगळी शहरभर माणसं मुकाट्यानं चाललेली. अक्रम खानचा नाच लागला तेव्हा सगळ्यांना तेच आठवलं, दिवसखोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग परेड. २०४ देश, तासाहून जास्त. आजोबा घोरू लागले, मी सलाईन बदलायला आत गेले, आणि हाक आली, "सिस्टर, इंडिया!" धावत आले तर तिरंगा, आणि शेजारी ती लाल जॅकेटवाली. जमैकाच्या आजींनी विचारलं, "ती कोण?" मी म्हटलं, "असेल कुणीतरी आमच्यातली." तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं. त्या क्षणी मी मैदानाच्या कडेला उभी असते आणि झेंडा दोन हातांवरून जात असता, तर माझे पाय जागेवर राहिले असते का, हे मी तुला छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून राग आला नाही.

ती फिलिपिनो सिस्टर सोमवारी कामावर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा तिला म्हणाले, "मी पाहिलं तुला." साफ खोटं. तिनं विचारलंही, "कुठे होते मी?" तर म्हणाले, "पलंगापाशी."

काल सायनाला ब्राँझ मिळालं. समोरची गुडघा दुखावून खाली बसली, तरी पदक ते पदक. भाऊजींना सांग, तिच्या मॅचची तिकिटं मिळाली नाहीत आणि टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसतात, त्याबद्दल मलाच शिव्या देऊ नका. मेतकूट संपलंय. कुणी येणारं असेल तर पाठव, नसेल तर राहू दे.

तुझी,
विजू