केसपेपरवर एक ओळ वाढवा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात पशुवैद्यकीय कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेच्या ब्रुसेलावरच्या, म्हणजे गुरांपासून माणसाला लागणाऱ्या तापाच्या रोगावरच्या, संशोधनाची बातमी होती, आतल्या पानात, दोन बोटांएवढी. मी कापून ठेवलीय, कारण हा रोग मी स्वतः भोगलाय.

आमची एक गाय सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, वार (जार) पण पडेना, मी उघड्या हातानं ओढून काढली आणि मेलेलं वासरू उकिरड्यावर टाकलं, चुना टाकून पुरायचं असतं हे तेव्हा कुणाला माहिती. पुढं महिनाभरात मला संध्याकाळचा ताप यायला लागला, रात्री घामानं गोधडी ओली, सकाळी परत बरा, कंबर मात्र धरलेली. टायफॉईडची औषधं झाली, मलेरियाची झाली, टीबीची टेस्ट झाली, चार महिने गेले पण एकाही डॉक्टरनं विचारलं नाही की बाबा घरी जनावरं आहेत का. शेवटी विचारलं कुणी, तर गायीचं कृत्रिम रेतन करायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरनं! मग रक्त तपासलं, ब्रुसेला निघाला, सहा आठवडे डॉक्सी आणि रिफाम्पिसिन ही जंतू मारायची औषधं खाल्ली तेव्हा कुठं सुटलो.

पोरीनं मोबाईलवर वाचून दाखवलं, डेन्मार्कच्या बँग नावाच्या गुरांच्या प्राध्यापकानं १८९७ लाच गाभडलेल्या गायीतनं हा जंतू काढलेला. त्याच्याआधी १८८७ ला माल्टा बेटावर सैनिकांच्या तापातनं ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरनं एक जंतू काढला होता, तो वेगळाच असं सगळे धरून चाललेले. १९१८ ला अॅलिस इव्हान्स नावाच्या अमेरिकेतल्या संशोधक बाई म्हणाल्या दोन्ही एकाच घरातले आहेत, तर कितीतरी वर्षं त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही आणि पुढं त्यांनाच तो ताप लागला.

बरं, गुरांना लस आहे. २०१९ पासून लाळ्या खुरकुताच्या लसीसारखी हीपण सरकार फुकट टोचतंय, फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना, जन्मात एकदाच. आमच्याकडं टीम आली की लोक कालवडी रानात नेऊन बांधतात, दूध आटतंय म्हणे. अरे कालवड दूध देतीय कुठं! आणि टोचणाऱ्याचं काय, लस जिवंत जंतूची, सुई चुकून बोटात गेली तर त्यालाच लागण.

मॅडमचं संशोधन गुरांच्या डॉक्टरांपर्यंत पोचेलच, माणसांच्या डॉक्टरांपर्यंत कोण नेणार? दवाखान्याच्या केसपेपरवर एवढीच एक ओळ छापा, घरी जनावरं आहेत का. आणि साहेब, पुढच्या वेळी असली बातमी बाजारभावाच्या पानावर टाका, आमच्या डेअरीवर तेवढं एकच पान सगळे वाचतात.

आपला,
एक दूध उत्पादक, ता. माळशिरस