मुतागुची नावाचा सेनापती

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

आजोबांच्या कागदांत ‘४/५ मराठा, संगशाक, १९४४’ (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी बटालियन) एवढंच सापडलं म्हणालास आणि विचारलंस, जपानी मणिपुरात आले तरी कोणाच्या डोक्यातून? फोनवर उरकण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसलो.

त्या माणसाचं नाव मुतागुची रेन्या. जन्म १८८८चा, सागा प्रांतातला. अकादमी, वॉर कॉलेज, पायरीपायरीने बढत्या, सगळं चारचौघा अधिकाऱ्यांसारखं. ७ जुलै १९३७ च्या रात्री पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी गोळीबार झाला, तेव्हा तिथल्या जपानी रेजिमेंटचा प्रमुख हाच. उलट मारा करायची परवानगी यानेच दिली आणि त्या चकमकीचं चीनशी आठ वर्षांचं युद्ध झालं. युद्धाला तोंड आपण फोडलं, तर त्याचा निकालही आपणच लावायचा, हे पुढे त्याच्या मनाने घेतलं. पुलाच्या वेळी त्याचा वरिष्ठ होता कावाबे मासाकाझू. हे नाव लक्षात ठेव.

१९४२ मध्ये मलाया आणि सिंगापूर जिंकणाऱ्या फौजेत तो १८व्या डिव्हिजनचा प्रमुख होता. नंतर ब्रह्मदेशात आला. आणि आता गंमत बघ. त्याच वर्षी वरून आसामवर चढाईचा विचार निघाला, तेव्हा ‘रस्ते नाहीत, रसद पोहोचणार नाही’ असं म्हणून मोडता घालणाऱ्यांत हाच होता! पण १९४३च्या सुरुवातीला विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्याचे चिंदित, म्हणजे शत्रूच्या मुलखात शिरून छापे घालणारे जवान, तेच डोंगर तुडवत ब्रह्मदेशात घुसले. मुतागुचीने हिशेब केला: ते येऊ शकतात तर आपणही जाऊ शकतो. विंगेटला विमानातून रसद मिळत होती आणि तरीही त्याचे तीन हजारांतले सुमारे एक तृतीयांश लोक परतले नाहीत, हे त्याने हिशेबात धरलंच नाही.

मार्च १९४३ मध्ये तो १५व्या आर्मीचा प्रमुख झाला. ओबाता हा त्याचा चीफ ऑफ स्टाफ वाहतुकीतला जाणकार. ‘हे जमणार नाही’ म्हणाला, तर त्याचीच उचलबांगडी झाली. मग रसदीवर तोडगा काय काढला? गुरं. हजारो बैल सोबत न्यायचे, ओझं वाहून झालं की कापून खायचे, चंगीझखानासारखं. आता शेतातला बैल तो, त्याला डोंगरकड्याची काय सवय! कित्येक चिंदविन नदीच्या पाण्यातच गेले, काही दरीत कोसळले, काही वाटेत बसले ते उठलेच नाहीत. जवानांजवळ तीन आठवड्यांचा शिधा होता. २९ एप्रिलला सम्राटाचा वाढदिवस, त्याच्या आत इंफाळ घ्यायचंच, असा बेत.

८ मार्च १९४४ ला मोहीम निघाली. संगशाक हे उखरुलजवळचं तांगखुल नागांचं गाव. तिथे ५०वी पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्या जोडीला आपले ४/५ मराठा. समोर मियाझाकी या जपानी सेनानीची ५८वी रेजिमेंट. माथ्यावर खाली कातळ, त्यामुळे खंदक गुडघा-कमरेपलीकडे खणता येईनात. पाणी नाही. विमानातून टाकलेली पुष्कळशी रसद जपान्यांच्याच हाती पडायची. २२ ते २६ मार्च हे असं चाललं, शेवटी रात्रीच्या अंधारात निसटायचा हुकूम आला. मियाझाकीला खरं तर कोहिमा गाठायचं होतं, संगशाक त्याच्या हद्दीतही नव्हतं. इथे अडकला त्यात त्याचे दिवस गेले, माणसंही गेली. इंफाळ आणि कोहिमाला तेवढी उसंत मिळाली. आजोबा ज्या लढाईत होते ती ही.

आझाद हिंद सेना जपान्यांच्या बाजूने याच डोंगरांत होती. १४ एप्रिलला मोइरांगला तिरंगा फडकला. उपासमार मात्र त्यांच्याही वाट्याला तीच आली.

कोहिम्याला सातो कोतोकुची ३१वी डिव्हिजन. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टावर अल्याड-पल्याड बसून लोक एकमेकांवर हातबॉम्ब फेकत होते, आणि सातो तारांवर तारा करत होता: तांदूळ पाठवा, दारूगोळा पाठवा. काहीच आलं नाही. मोहिमेचे पहिले आठवडे मुतागुची मेम्योला होता, इंग्रजांनी वसवलेल्या थंड हवेच्या गावी! मेअखेर सातोने हुकूम धुडकावून डिव्हिजन मागे घेतली. जपानी सैन्यात डिव्हिजनच्या प्रमुखाने असं करणं म्हणजे आक्रीतच. माझं विचारशील तर त्या सगळ्या फौजेत शुद्धीवर असलेला सेनापती तेवढाच.

आणि ६ जून. कावाबे आता ब्रह्मदेशातल्या सगळ्या फौजेचा प्रमुख. तो स्वतः मुतागुचीला भेटायला आला. मोहीम फसली हे दोघांनाही ठाऊक. मुतागुचीने पुढे सांगितलं की ‘माघार’ हा शब्द ओठांवर आला होता, पण काढवेना. कावाबेने चेहऱ्यावरून ओळखावं एवढीच आशा होती. कावाबेनेही विचारलं नाही. दोघे मूग गिळून बसले आणि उठले. माघारीचा हुकूम निघाला जुलैत, म्हणजे भर पावसाळ्यात. त्या एका महिन्यात किती जीव गेले असतील कोण जाणे. एकूण सुमारे ८५ हजार निघाले होते, त्यांतले ३० हजारांच्या आसपास मेले, बहुतेक भुकेने आणि रोगाने. परतीच्या वाटेला जपानी जवानच ‘पांढऱ्या हाडांची वाट’ म्हणू लागले.

तिन्ही डिव्हिजनचे प्रमुख त्याने मोहीम चालू असतानाच काढले. सातो म्हणत होता, माझ्यावर खटला भरा, कोर्टात सगळं सांगतो. म्हणून त्याला वेडा ठरवलं आणि प्रकरण मिटवलं. मुतागुची निवृत्त झाला खरा, पण १९४५च्या जानेवारीत त्याला परत बोलावलं. कशाला? कॅडेटांच्या शाळेचा प्रमुख म्हणून!

युद्धानंतर काही काळ इंग्रजांच्या कैदेत होता, १९४८ ला सुटला. बरीच वर्षं मान खाली घालून राहिला. मग १९६२ मध्ये बार्कर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याचं पत्र आलं: तुमची योजना यशाच्या अगदी जवळ होती. तेवढं पुरलं. सातोला तेव्हाच दिमापूरवर धाडू दिलं असतं तर, कावाबेने अडवलं नसतं तर, हे पालुपद १९६६ मध्ये मरेपर्यंत चालू होतं. मुद्दा अगदीच पोकळ नाही. दिमापूरचं रेल्वेठाणं म्हणजे इंग्रजांचं रसदीचं कोठार; ते तेव्हा खरंच उघडं होतं, हे ब्रिटिश सेनापती स्लिमही मान्य करतो. पण शत्रूचं कोठार फोडलं तरच आपल्या पोराला जेवण, अशा बेताला योजना म्हणायची माझी तयारी नाही. यावर तुझं मत वेगळं असेल तर भांडायला ये, रविवारी घरीच आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत