दादा, रतनवाडीत तुमच्या फोनला रेंज नव्हती

प्रिय दादा,

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हीच बजावलं होतं, "ताई, काय लिहायचं ते लिहा, पण नाव नको, गावातली पोरं चिडवतील." म्हणून नुसतं दादा. जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याजवळच्या शेंडीच्या चहाच्या टपरीवरून एक म्हातारा आणि त्याची संतापलेली मुलगी ज्यांनी आपल्या जीपमध्ये घातली, ते दादा.

डोंबिवलीला परत येऊन नऊ दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि पहिल्या ओळीतच त्या टूरवाल्या पोराची शिट्टी कानात वाजते. तेव्हा आधी ती शिट्टीच उरकते.

त्यांच्या जाहिरातीत होतं: काजवे, कळसूबाई, रतनगड, सांदण दरी, सगळं दोन दिवसांत. छापणाऱ्याने नकाशा तरी उघडला होता का कोण जाणे. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. बारीतून चढून उतरायचं तर त्यातच दिवस जातो. पण चूक माझीही आहे, मी भुलले. फोनवर तीनदा सांगितलं होतं की वडील ७८ वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, त्यांना चढायचं काही नाही, फक्त भंडारदऱ्याचं धरण आणि रतनवाडी बघायची आहे. तीनदा "नो प्रॉब्लेम मॅडम" ऐकलं. आणि शनिवारी सकाळी बस निघताना तो पोरगा दारात उभा राहून म्हणाला, "काका, तुम्ही तंबूतच बसा. तुमच्यामुळे सगळा ग्रुप लेट होतो."

चाळीस माणसांसमोर. बाबा बसच्या पायरीवर होते. एक पाय वर, एक खाली. त्यांनी वरचा पाय हळूच खाली घेतला, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

ते "बरोबर आहे त्याचं" मला अजून गिळता आलेलं नाही. बसमधल्या एकानेही तोंड उघडलं नाही. आदल्या रात्री शेकोटीभोवती बाबांच्या मांडीला मांडी लावून अंताक्षरी खेळलेली माणसं होती ती. नंतर दोन ठिकाणी खोलीसाठी फोन केले. एकाने काजव्यांच्या मोसमाचा तिप्पट भाव सांगितला, दुसऱ्याने "म्हातारं माणूस आहे, रात्री काही झालं तर?" म्हणून फोनच ठेवला. असो. झाली शिट्टी वाजवून.

तुम्ही तेव्हा टपरीवर बशीत चहा ओतून फुंकत होतात. विचारलंत, "बाबा कुठले?" आणि बाबा म्हणाले, "पाटबंधारे." गाव विचारलं तर माणसाने खातं सांगितलं! तुम्ही हसलात, पण त्यांना नाही. सरकून बाकावर जागा केलीत.

तुम्हाला सगळं सांगायला तेव्हा वेळ झाला नाही. बाबांनी ३१ वर्षं श्रीरामपूर भागात कालव्यावर नोकरी केली. आमच्या घरात दिवाळीपेक्षा आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाळीने सुटणाऱ्या पाण्याची, चर्चा जास्त. "भंडारदऱ्यातून पाणी सुटलं" असा निरोप आला की बाबा सायकल काढायचे आणि मग चार-चार दिवस कालव्याच्या चारीवरच. कुणाची पाळी, कुणी रात्रीत दारं फोडलं, कुणाचा पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म राहिला. प्रवरेवरच्या ओझरच्या बंधाऱ्यापासून खालचं सगळं त्यांना तोंडपाठ. वरचं काहीच नाही. एकदा ट्रेनिंगला धरणाच्या भिंतीवर तासभर उभं केलं होतं, तेवढंच. ज्या पाण्यावर घर चाललं ते येतं कुठून, हे एकदा बघायचं होतं त्यांना. हट्ट म्हणा. बाबांनी आयुष्यात केलेला बहुतेक हा एकच हट्ट.

धरणावर तुम्ही त्यांना बोलू दिलंत, हेही लक्षात आहे माझ्या. विल्सन डॅम, १९१० ला काम सुरू, १९२६ ला पुरं, अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट पाणी. हे आकडे तुम्ही हजार वेळा ऐकले असतील, स्वतः पर्यटकांना सांगतही असाल. तरी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं "अकरा?" म्हणालात. खाली अंब्रेला फॉल कोरडा पडलेला. एक कुटुंब "यासाठी एवढे लांब आलो का" म्हणून कुरकुरत होतं. बाबा त्यांच्याकडे वळून समजावायला लागले: धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं की ते त्या गोल खडकावर आपटून छत्रीसारखं पसरतं, हा काही आपला आपण वाहणारा धबधबा नाही, आवर्तन बंद तर छत्री बंद. सकाळपासून गप्प असलेला माणूस तिथे बोलता झाला.

मग जलाशयाच्या कडेकडेने रतनवाडी. वाटेत पाणी इतकं मागे हटलेलं की फुगवट्याच्या जागी भेगाळलेला गाळ आणि त्यात गुरं. एका वळणावर हंडे घेऊन बायका टँकरची वाट बघत होत्या. बाबांनी गाडी थांबवायला सांगितली. म्हणाले, "धरणाच्या काठावर टँकर?" तुम्ही स्टिअरिंगवर हात ठेवून सरळ म्हणालात, "पाणी खाली तुमच्याकडं जातं बाबा. आम्ही वरून बघतो." रागाने नाही, भाताचा भाव सांगावा तसं. त्यानंतर बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यापासून हा विषय त्यांनी चारदा काढलाय. ३१ वर्षं पाणी मोजलं, म्हणतात, पण हे कधी मोजलं नाही.

अमृतेश्वराच्या देवळाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. शिलाहारांच्या काळातलं म्हणतात ते कोरीव काम, ती पुष्करणी, तिच्या भिंतीतली देवकोष्ठं. मी तिथे अर्धा तास होते आणि खरं सांगते, मला फार थोडं आठवतंय. गाभाऱ्यातला गारवा आठवतो, आणि पावसाळ्यात पिंड पाण्याखाली जाते हे तुम्ही सांगितल्यावर बाबांनी "म्हणजे लेव्हल इथपर्यंत" म्हणून हाताने भिंतीवर दाखवलेली खूण.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते.

देवळामागून रतनगडाकडे वाट जाते, प्रवरेच्या पात्रातून. हीच प्रवरा पुढे भंडारदऱ्याला अडवलीय. बाबांना नदी बघायची होती, धरणाआधी ती नुसती नदी असते तिथली. मी नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "चला की, कुठं गडावर जायचंय. जाऊ तिथवर जाऊ." पात्र म्हणजे जूनमध्ये नुसते गोटे, मधूनच डबकं. शंभर पावलांवर बाबांचा श्वास ऐकू यायला लागला. ते थांबणार नाहीत हे मला माहीत होतं. सकाळच्या त्या पोराने त्यांना थांबायची चोरी करून ठेवली होती.

तेवढ्यात तुम्हीच खाली बसलात. "चपलेत खडा गेला." चपला काढलीत, झटकलीत, उलटीसुलटी करून पाहिलीत, पुन्हा घातलीत. सावकाश. तोवर बाबाही टेकले. पुढे हिरड्याचं झाड लागलं. तुम्ही खाली पडलेला एक हिरडा उचललात, दगडावर फोडलात, बाबांना चघळायला दिलात आणि हिरडा गोळा करून वाळवून विकतात त्याची गोष्ट सांगत बसलात. तिसऱ्यांदा पुन्हा खडा. आणि चौथ्यांदा तुम्ही खिशातून फोन काढून कानाला लावलात, आम्हाला हाताने "एक मिनिट" अशी खूण केलीत आणि मोठ्या खडकावर जाऊन बसलात. "हां बोल. हां. भाकरी टाक म्हणावं. तिघांची. हॅलो? हॅलो?" चांगली दोन-तीन मिनिटं.

दादा, रेंज नव्हती. देवळापाशीच माझ्या फोनवरची शेवटची दांडी गेली होती. मी मागे उभी होते, तुमच्या फोनचा काळा पडदा मला दिसत होता. नंतर असे अजून दोन "फोन" आले तुम्हाला. एकदा तर समोरच्या माणसाशी थोडं भांडलातसुद्धा.

बाबांना दमलात का, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आधार म्हणून हात पुढे केला नाहीत. मी असते तर केला असता, आणि बाबांनी तो झिडकारला असता. तुम्ही फक्त दर वेळी त्यांच्या आधी बसलात. पाऊण तासात आम्ही फार तर अर्धा किलोमीटर गेलो असू. एका डबक्यापाशी बाबा उकिडवे बसले, ओंजळभर पाणी घेतलं, बघितलं, परत सोडलं. म्हणाले, "हेच ना ते?" तुम्ही म्हणालात, "हेच."

संध्याकाळचं सगळं लिहीत नाही. वहिनींच्या हातची तांदळाची भाकरी, पिठलं, पाट्यावरचा ठेचा. किती पैसे द्यायचे यावरून तुमची-माझी झालेली हुज्जत. सगळं आपल्यात राहू दे. काजव्यांचं मात्र सांगते. रस्त्याला गाड्यांची रांग, हेडलाइट, रील बनवणारी पोरं, बाटलीत काजवे भरणारा एक शहाणा बाप. तुम्ही आम्हाला तिथे थांबवलंच नाहीत. तुमच्या खाचराच्या बांधावर नेलंत आणि म्हणालात, "मोबाईल खिशात. उजेड पडला की झाड गप्प होतं." मग त्या सादड्याच्या झाडावर एका फांदीपासून दुसऱ्या फांदीपर्यंत उजेड पळत गेला. पुन्हा विझला, पुन्हा पळाला. बाबा थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाले, "पाळीपाळीनं चाललंय." त्यांना तिथेही आवर्तनच दिसलं!

गेले काही दिवस मला रस्त्यात, ट्रेनमध्ये उगाच माणसं दिसायला लागली आहेत. काल कल्याण स्टेशनवर एक बाई धावत येत होती, तर डब्यातल्या एकीने दारातली जागा सोडली नाही, पण आपली पर्स सरकवून तिच्यासाठी दांडा मोकळा केला. एरवी माझ्या लक्षातही आलं नसतं. "कस्टमर केअर" नावाचं खातं सगळ्यांनी उघडलंय, शिट्ट्या वाटल्यात, टी-शर्ट छापलेत. पण समोरच्याला लाज वाटू नये म्हणून आपण थोडं खोटं बोलावं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील असं मला वाटत नाही. तुम्ही कुठे शिकलात, ते पुढच्या वेळी विचारीन.

फोटो पाठवलेत, पोचले का कळवा. वहिनींना सांगा, राजूरचे पेढे डोंबिवलीला पोचेपर्यंत निम्मे संपले होते.

बाबांचा एक निरोप आहे. धरणातून पाणी सुटून छत्री सुरू झाली की त्यांना फोन करायचाय, ते लगेच निघणार म्हणतात. आणि मी लिहीत असताना मागे उभं राहून त्यांनी हे मुद्दाम घालायला सांगितलंय: फोन शेंडीतून करा. रतनवाडीतून केलेला लागत नाही.

तुमची,
पाटबंधारेवाल्यांची मुलगी