अधीक्षक म्हणजे जेलचा नव्हे

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

दादाला सांगितलंय की याची मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत बाबांनी मोबाईलवर वाचत बसायचं नाही. एवढं लांबलचक लिहायचं कारण रविवारचा फोन. तुम्ही काकांना म्हणालात "ती तिकडे शाळेत कारकून आहे", स्पीकर चालू होता बाबा. राग नाही आला, म्हणजे थोडा आला, पण चूक माझीच, 8 वर्षांत कधी नीट सांगितलंच नाही मी काय करते ते. आत्याला तर सुपरिंटेंडंटची सेक्रेटरी म्हटल्यावर जेलच आठवलं, "कैद्यांचं काही भ्या वाटत नाही का गं?" म्हणे.

तर ऐका. इथं स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नाही, एखाद्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था. एकट्या कॅलिफोर्नियात हजाराच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत, काही तर दोन-तीन शाळांचे. प्रत्येकाचं बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं, आमचं 5 जणांचं, आणि ते बोर्ड सुपरिंटेंडंट, म्हणजे त्या सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी, नेमतं, कॉन्ट्रॅक्टवर, एका वेळी जास्तीत जास्त 4 वर्षं. म्हणजे तुमच्या शिक्षणाधिकाऱ्यांसारखं मंत्रालयातून ऑर्डर आली आणि साहेब बदलले असं नाही, इथं बोर्डातल्या तिघांचं डोकं फिरलं की बाई घरी. बाईच आहेत आमच्या. आणि मी त्यांना नावाने हाक मारते, मॅडम म्हटलं की हसतात. पहिले सहा महिने जिभेवर यायचंच नाही, मी नुसतंच "हाय" म्हणून वेळ मारून न्यायचे.

माझं काम बाबा तुम्हाला अर्ध्या मिनिटात कळेल. विषयपत्रिका काढणं, सभेला बसणं, इतिवृत्त लिहिणं. तुमच्याकडे विषय क्रमांक एक काय असायचा, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. इथंही तेच, अप्रूव्हल ऑफ मिनिट्स! पहिल्या मीटिंगला ते ऐकलं आणि मला एकदम साताऱ्याचं जिल्हा परिषदेचं ते जिन्याखालचं पंखा नसलेलं ऑफिस आठवलं.

फरक एकच, इथं कायद्याचा धाक फार. 1953 चा ब्राऊन ॲक्ट आहे, त्यात नेहमीच्या सभेची विषयपत्रिका 72 तास आधी लोकांना दिसेल अशी लावायची, आणि त्यात नसलेल्या विषयावर बोर्डाला ठराव करता येत नाही, दोन-चार अपवाद सोडले तर. आमची मीटिंग मंगळवारी संध्याकाळी 6 ला, म्हणजे शनिवारी 6 च्या आत कागद लागलाच पाहिजे, म्हणून मी शुक्रवारीच लावते. पहिल्याच वर्षी काय केलं, वेबसाईटवर टाकली आणि बाहेरच्या काचेच्या फळ्यावर लावायचीच राहिली. शनिवारी दुपारी पुरणपोळ्या करत होते, होळी होती, आणि एकदम लख्ख आठवलं. तशीच गाडी काढली, हाताला कणीक, स्टिअरिंगला कणीक, फळ्याच्या कुलपाची किल्ली कणकेत. सव्वाचारला कागद लावला आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवला, वेळेसकट. तेव्हापासून दर वेळी फोटो काढते. बाईंना सोमवारी जाऊन सांगितलं, त्या एवढंच म्हणाल्या की पोळ्या उरल्यात का.

बाकीचं सगळं किरकोळच हो, कॅलेंडर सांभाळा, चिडलेल्या पालकांचे फोन घ्या, वकिलांना कागद पाठवा, 2018 च्या नोव्हेंबरमध्ये वणव्याच्या धुराने शाळा बंद ठेवल्या तेव्हा तर दिवसभर फोन खाली ठेवला नव्हता. मीटिंगमध्ये कुणालाही बोलता येतं, कार्ड भरून द्यायचं, आमच्याकडे 3 मिनिटं, टायमर माझ्या हातात. आपल्या लोकांची नावं अध्यक्षांना उच्चारता येत नाहीत म्हणून मी कार्डावर पेन्सिलीने तोडून लिहून देते, देश-पां-डे. तरी ते डेस्पांडी म्हणतातच.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. मार्चमध्ये मी दोन-तीन आठवडे फोनवर धड बोलत नव्हते, आई तू दादाला विचारलंस की जावयांशी काही बिनसलंय का. काही बिनसलेलं नाही गं. इथं शिक्षकांना पुढच्या वर्षी कमी करायचं असेल तर 15 मार्चच्या आत नोटीस द्यावी लागते. शाळांना सरकारचा पैसा मिळतो तो रोज सरासरी किती पोरं हजर त्यावर, आणि घरं इतकी महाग झालीत की लहान मुलं असलेली माणसं इथून निघून चाललीत, पोरं कमी तर पैसा कमी. बोर्डाच्या ठरावात नावं नसतात, नुसत्या जागा, अमुक इयत्तांच्या इतक्या. नावं यादीत. सर्वात शेवटी लागलेला सर्वात आधी. ती यादी आणि 29 पाकिटं माझ्या टेबलावर.

त्यात तुमच्या नातवाची टीचर होती. दुसरीची.

आणि नेमका त्याच आठवड्यात त्याचा दात पडला शाळेत. त्या बाईने तो एका बोटभर प्लॅस्टिकच्या डबीत घालून, डबीला दोरा ओवून त्याच्या गळ्यात अडकवला आणि सुटायच्या वेळी गेटवर मला म्हणाली बघा, आज किती शूर होता. मी हसले. काय करणार. तिचं पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, मीच चिकटवलेलं. माझ्या पोस्टचं कायद्यातलं नावच "कॉन्फिडेन्शियल" असं आहे, युनियनशी वाटाघाटी चालतात त्याचे कागद माझ्या हातात असतात म्हणून मला युनियनही नाही, आणि घरी नवऱ्यालाही सांगायचं नाही. मी सांगितलंही नाही. त्या रात्री पिठलं करपवलं फक्त.

तेव्हा बाबा तुम्ही आठवलात. मे महिना, बदल्यांची यादी, आणि आपल्या दारात हापूसची पेटी घेऊन उभे गुरुजी. तुम्ही चहा पाजायचात, गोंदवल्याच्या पावसाच्या गप्पा मारायचात, आणि पेटी तशीच परत. मला इतका राग यायचा त्या पेटीचा, एक आंबा तरी ठेवून घ्या ना! आणि जेवताना तुम्ही गप्प. आई म्हणायची, विचारू नका, यादी आहे. मला वाटायचं तुम्ही आमच्यावर चिडलाय. तुमच्या त्या यादीत आपल्या ओळखीचं कुणी असायचं का हो? कधी बोलला नाहीत. आता रिटायर होऊन 17 वर्षं झाली, आता तरी सांगा, मी आल्यावर.

त्या टीचरची नोटीस मे मध्ये मागे घेतली, बरीच घेतात, काही जण रिटायर होतात, पैशाचं थोडं इकडेतिकडे होतं. ते पत्रही मीच टाईप केलं, आणि ते टाईप करताना मात्र नवऱ्याला सांगावंसं फार वाटलं. पण तोवर तिने शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये नोकरी बघितली होती. दोन महिने कोण वाट बघत बसतंय, घरभाडं आहे, लेकरू आहे. शेवटच्या दिवशी नातवाने तिला कार्ड करून दिलं, त्यावर दाताचं चित्र.

काकांना हे सगळं सांगत बसू नका, कारकूनच सांगा, चालेल. आत्याला मात्र जेलचं तेवढं समजवा.

जूनअखेर बजेट मंजूर व्हावंच लागतं, ते झालं की जुलैत आमच्या बोर्डाला सुट्टी, तेव्हा 5 तारखेचं तिकीट काढलंय, तीन आठवडे. आई, भाजणी दळून आणायला स्वतः जाऊ नकोस, तो जिना आणि तुझा गुडघा, दादाला पाठव, नाहीतर विकतची आण, मी काही बोलणार नाही.

तुमची लेक